चवदार तळ्याचा दावा : बॅरिस्टर आंबेडकरांच्या वकिलीचा एक धडा



शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, अशी म्हण महाराष्ट्राच्या गावोगावी प्रचलित आहे. ही म्हण अनुभवातून जन्मली आहे, हे नाकारता येणार नाही. बांधावरील हातभर जागेसाठी दोन सख्खे भाऊ तालुक्याच्या गावी वर्षानुवर्षे खेपा घालतात, तारखांमागून तारखा पडत जातात आणि निकाल लागतो तेव्हा जमिनीच्या किमतीहून खर्च अधिक झालेला असतो. ग्रामपंचायतीच्या प्रत्येक सदस्याने हे चित्र जवळून पाहिलेले असते. परंतु या म्हणीला दुसरीही बाजू आहे. ज्याला गावाच्या चावडीत बसावयास जागा नव्हती आणि ज्याचे म्हणणे पंचांच्या कानापर्यंत पोहोचतच नव्हते, अशा माणसाला न्याय मागण्यासाठी कोर्टाच्या पायरीवाचून दुसरी पायरीच नव्हती. ती पायरी त्याला एकट्याने चढता येत नसे. त्यासाठी कायदा जाणणारा, धीराचा आणि निष्ठेचा वकील बरोबर असावा लागे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांची ओळख भारतीय संविधानाचे शिल्पकार, अर्थशास्त्रज्ञ आणि दलितांचे मुक्तिदाते या नात्यांनी सर्वांना आहे. ते मुंबई इलाख्यातील न्यायालयांत प्रत्यक्ष वकिली करणारे बॅरिस्टर होते, हे मात्र तितकेसे सांगितले जात नाही. वकिलाच्या कामाचे ढोबळमानाने तीन भाग पडतात : फौजदारी खटल्यात आरोपीचा बचाव करणे, दिवाणी दावा शेवटापर्यंत लढविणे आणि वाद मिटविण्यासारखा असेल तेथे तो मिटविणे. या तिन्ही कामांचा विचार बाबासाहेबांच्या वकिलीच्या आधाराने केला, तर आजच्या लोकप्रतिनिधींना, शिक्षकांना आणि शासकीय सेवकांना त्यातून बरेच काही घेण्यासारखे आहे.

सनद आणि पहिली वर्षे

बाबासाहेबांना १९२२ मध्ये लंडनच्या ग्रेज इन या संस्थेतून बॅरिस्टर ही पदवी मिळाली. १९२३ मध्ये ते मायदेशी परतले. मुंबई उच्च न्यायालयात वकिली करावयाची तर सनद घेणे आवश्यक होते आणि त्यासाठी लागणारी रक्कम त्यांच्यापाशी नव्हती. त्यांचे पारशी स्नेही नवल भथेना यांनी ती अडचण दूर केली व त्याच वर्षी बाबासाहेबांचा व्यवसाय सुरू झाला.

तथापि सनद मिळाली म्हणजे काम मिळते असे नाही. उच्च न्यायालयाच्या मूळ शाखेत बॅरिस्टरकडे काम येई ते सॉलिसिटरांच्या मार्फत. अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातीत जन्मलेल्या बॅरिस्टराकडे खटला सोपविण्यास बहुतेक सॉलिसिटर तयार नसत. त्यामुळे जिल्ह्याच्या आणि तालुक्याच्या न्यायालयांतील कामावर त्यांना बव्हंशी समाधान मानावे लागले. संसाराला आधार म्हणून ते हिशेबशास्त्राच्या एका शिक्षणसंस्थेत व्यापारी कायदा शिकवीत. पुढे शासकीय विधी महाविद्यालयात ते प्राध्यापक झाले आणि १९३५ मध्ये त्याच महाविद्यालयाचे प्राचार्यपदही त्यांनी भूषविले.

१९२४ मध्ये त्यांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली. तिचे कार्यालय परळच्या दामोदर हॉलमध्ये होते. चळवळ आणि वकिली ही दोन्ही कामे त्या काळात त्यांनी एकाच वेळी चालविली.

आरोपीचा बचाव

आरोपीचा बचाव करणाऱ्या वकिलाविषयी समाजात आजही गैरसमज आढळतो. गुन्हेगाराला सोडविणारा तो वकील, अशी सर्वसाधारण समजूत असते. वस्तुस्थिती निराळी आहे. ज्याच्यावर आरोप आहे तो गुन्हेगार आहे किंवा कसे, हेच न्यायालयाला ठरवावयाचे असते. फिर्यादी पक्षाने आणलेला प्रत्येक पुरावा घासून पाहिल्यावाचून ते ठरविता येत नाही. आरोप शाबीत करण्याचा भार फिर्यादी पक्षावर असतो आणि तो भार खरोखर पेलला गेला काय, हे तपासणे हे बचावाच्या वकिलाचे कर्तव्य होय.

या कर्तव्याकडे बाबासाहेब किती गांभीर्याने पाहत, याची एक हकीकत त्यांच्या चरित्रात नमूद आहे. ऑक्टोबर १९२८ मध्ये सायमन कमिशनपुढे साक्ष देण्यासाठी त्यांना पुण्यास जावयाचे होते. अस्पृश्य समाजाच्या राजकीय हक्कांचा प्रश्न तेथे मांडला जाणार होता. नेमक्या त्याच सुमारास ठाण्याच्या सत्र न्यायालयात एका गंभीर खटल्यातील आरोपींचा बचाव त्यांच्याकडे होता. एकीकडे लक्षावधी लोकांचे भवितव्य आणि दुसरीकडे फासाच्या छायेत उभी असलेली काही माणसे, असा तो पेच होता. मोठ्या कामासाठी लहान काम सोडून देणे सोपे होते, पण बाबासाहेबांनी तसे केले नाही. नेहमीचा क्रम बदलून बचावाचे भाषण आधी करू द्यावे, अशी विनंती त्यांनी न्यायाधीशांना केली व ती मान्य झाली. ठाण्याचे काम पुरे करून २३ ऑक्टोबर रोजी त्यांनी पुण्यात साक्ष दिली. ठाण्याच्या खटल्यातील बहुतेक आरोपी पुढे निर्दोष सुटले. वकीलपत्र घेतले म्हणजे अशिलाचा जीव आपल्या हाती आला, ही जाणीव या प्रसंगात दिसून येते.

१९२६ मध्ये ‘देशाचे दुश्मन’ या पुस्तकावरून झालेला अब्रुनुकसानीचा खटला पुण्यात गाजला. ब्राह्मणेतर चळवळीतील दिनकरराव जवळकर, केशवराव जेधे आणि त्यांचे सहकारी त्यात आरोपी होते. पुस्तकातील टीका लोकमान्य टिळक आणि विष्णुशास्त्री चिपळूणकर या दिवंगत पुरुषांवर होती. मृत व्यक्तीची बदनामी हाही गुन्हा ठरू शकतो. परंतु ती बदनामी मृताच्या कुटुंबीयांच्या किंवा निकटच्या नातलगांच्या भावना दुखविण्याच्या हेतूने केलेली असावी लागते. फिर्यादी हा निकटचा नातलग ठरतो काय, या मुद्द्यावर बाबासाहेबांनी बोट ठेवले. अपिलात आरोपींची सुटका झाली. पुस्तकातील भाषा योग्य की अयोग्य, हा प्रश्न वेगळा होता. कायद्याने सांगितलेला गुन्हा घडला काय, एवढाच प्रश्न न्यायालयापुढे होता आणि वकिलाने तेथेच लक्ष केंद्रित केले.

प्रत्येक खटल्यात यश आले असे मात्र नाही. ‘समाजस्वास्थ्य’ मासिकाचे संपादक र. धों. कर्वे यांच्यावर अश्लीलतेच्या आरोपाखाली झालेल्या १९३४ च्या खटल्यात बाबासाहेबांनी त्यांची बाजू मांडली. वाचकांच्या लैंगिक शंकांना दिलेली शास्त्रीय उत्तरे हा त्या खटल्याचा विषय होता. तेथे कर्व्यांना दंड झाला. लोकमत विरुद्ध आहे आणि यशाची खात्री नाही हे ठाऊक असतानाही एखाद्याची बाजू मांडण्यास उभे राहणे, हाही वकिलीच्या धर्माचा भाग आहे.

एका ठरावाची गोष्ट

आता दिवाणी दाव्याकडे वळावयाचे. बाबासाहेबांच्या जीवनातील सर्वांत महत्त्वाच्या दाव्यात ते स्वतःच प्रतिवादी होते. या दाव्याचे मूळ एका सरकारी ठरावात आहे, म्हणून शासकीय सेवकांनी आणि पंचायत सदस्यांनी तो विशेष लक्षपूर्वक अभ्यासावा असा आहे.

४ ऑगस्ट १९२३ रोजी रावबहादूर सी. के. बोले यांनी मुंबईच्या कायदेमंडळात मांडलेला ठराव संमत झाला. सार्वजनिक पैशातून बांधलेले किंवा चालविले जाणारे पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेच शाळा, न्यायालये, कचेऱ्या व दवाखाने अस्पृश्यांना वापरू द्यावेत, असा त्याचा आशय होता. तत्कालीन कुलाबा, म्हणजे आताच्या रायगड जिल्ह्यातील महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये ठराव करून आपल्या ताब्यातील चवदार तळे अस्पृश्यांना खुले केले. कागदोपत्री प्रश्न सुटला होता. प्रत्यक्षात मात्र एकाही अस्पृश्याला त्या तळ्याचे पाणी घेता आले नाही.

२० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली परिषदेचे प्रतिनिधी तळ्यावर गेले आणि त्यांनी ओंजळीने पाणी प्राशन केले. त्यानंतर गावात अफवा पसरली, जमाव चालून आला आणि परतणाऱ्या प्रतिनिधींना मारहाण झाली. संख्येने अधिक असूनही प्रतिनिधींनी प्रतिकार करू नये, असे बाबासाहेबांनी त्यांना बजावले. मारहाणीबद्दल रीतसर फौजदारी खटला झाला आणि जूनमध्ये काही हल्लेखोरांना चार महिन्यांच्या सक्तमजुरीची शिक्षा झाली. हातात काठी असताना ती खाली ठेवून फिर्याद नोंदविणे, हे त्या संतापाच्या क्षणी किती कठीण असेल याची कल्पनाच केलेली बरी.

इकडे सनातनी मंडळींनी तळ्याचे ‘शुद्धीकरण’ केले. ४ ऑगस्ट १९२७ रोजी, म्हणजे बोले ठरावास बरोबर चार वर्षे झाली त्या दिवशी, महाड नगरपालिकेने आपला १९२४ चा ठराव मागे घेतला. जे एका ठरावाने दिले होते ते दुसऱ्या ठरावाने काढून घेतले गेले. बहुमताच्या मर्जीवर अवलंबून असलेली सवलत आणि कायद्याने दिलेला हक्क यांत केवढे अंतर असते, हे या एका घटनेवरून ध्यानात येते.

मनाई हुकूम

डिसेंबर १९२७ मध्ये महाडला पुन्हा सत्याग्रह करण्याचे ठरले. त्याच्या थोडे आधी, १२ डिसेंबर रोजी, महाडच्या काही स्पृश्य गृहस्थांनी तेथील दिवाणी न्यायालयात बाबासाहेब आणि त्यांचे सहकारी यांच्याविरुद्ध दावा दाखल केला. अस्पृश्यांनी या तळ्यावर न येण्याची वहिवाट स्मरणातीत काळापासून चालत आली आहे, सबब त्यांना कायमची मनाई करावी, अशी मागणी त्यात होती. १४ डिसेंबर रोजी न्यायालयाने तात्पुरता मनाई हुकूम दिला.

२५ डिसेंबरला परिषद भरली तेव्हा हजारो लोक महाडमध्ये जमले होते. त्याच दिवशी मनुस्मृतीचे दहन झाले. तळ्यावर जाण्याचा निर्धार करून लोक दूरदूरच्या गावांहून पायपीट करीत आले होते आणि अनेकांची तुरुंगात जाण्याची तयारी होती. हुकूम मोडावयाचा की पाळावयाचा, हा प्रश्न परिषदेपुढे आला. जिल्हाधिकाऱ्यांनी स्वतः परिषदेत येऊन हुकूम न मोडण्याचे आवाहन केले. अखेरीस दाव्याचा निकाल लागेपर्यंत सत्याग्रह तहकूब करण्याचे ठरले. २७ डिसेंबर रोजी लोकांनी शिस्तीने तळ्यापर्यंत मिरवणूक नेली, तळ्याला वळसा घातला आणि पाण्याला हात न लावता ते परत फिरले.

हा निर्णय अनेकांच्या मनाला लागला असणार. परंतु त्यामागे विचार होता. भांडण स्पृश्य समाजातील विरोधकांशी होते. हुकूम मोडला असता तर तेच भांडण सरकारशी आणि न्यायालयाशी होऊन बसले असते. ज्या न्यायालयाकडून हक्क शाबीत करून घ्यावयाचा, त्याचाच हुकूम मोडून तेथे उभे राहणे हे अशिलाच्या हिताचे नव्हते. चळवळीचा नेता आणि अनुभवी वकील ही दोन माणसे त्या दिवशी एकाच देहात वावरत होती. वकिलाने नेत्याला थांबावयास सांगितले आणि नेत्याने ते ऐकले.

दहा वर्षांना तीन दिवस कमी

२३ फेब्रुवारी १९२८ रोजी तात्पुरता मनाई हुकूम उठला. मूळ दावा मात्र चालूच राहिला. साक्षीपुरावे झाले, जुनी कागदपत्रे तपासली गेली आणि ८ जून १९३१ रोजी महाडच्या दुय्यम न्यायाधीशांनी दावा फेटाळला. वादींनी ठाण्यास अपील केले. तेथेही जानेवारी १९३३ मध्ये निकाल त्यांच्याविरुद्ध गेला. मग प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात आले. १७ मार्च १९३७ रोजी न्यायमूर्ती ब्रूमफील्ड आणि न्यायमूर्ती वाडिया यांच्या खंडपीठाने वादींचे अपील फेटाळून लावले. यांपैकी ब्रूमफील्ड म्हणजे १९२२ मध्ये अहमदाबादला महात्मा गांधींना शिक्षा सुनावणारे न्यायाधीश. ओंजळभर पाण्याच्या प्रश्नाचा अंतिम निकाल लागला तेव्हा त्या घटनेला दहा वर्षे पुरी होण्यास अवघे तीन दिवस उरले होते.

हा निकाल कोणत्या मुद्द्यावर लागला, हे समजून घेणे उद्बोधक आहे. अस्पृश्यता अन्यायकारक आहे म्हणून दावा फेटाळला, असे उच्च न्यायालयाने म्हटले नाही. रूढीला कायद्याचे बळ हवे असेल तर ती स्मरणातीत काळापासून अखंड चालत आल्याचे शाबीत करावे लागते आणि ते शाबीत करण्याची जबाबदारी रूढी सांगणाऱ्यावर असते. तळे नगरपालिकेच्या मालकीचे होते आणि वादींना आपली रूढी पुराव्याने शाबीत करता आली नाही. तेवढ्यावरच दावा पडला. ती रूढी अवाजवी किंवा सार्वजनिक हिताविरुद्ध आहे काय, हा पुढचा प्रश्न हाताळण्याची न्यायालयाला गरजच उरली नाही.

येथे वकिलीचा एक मोठा धडा आहे. शतकानुशतके चालत आलेल्या अन्यायाविरुद्ध सभेत बोलताना न्याय आणि मानवता यांची भाषा बोलावी लागते. न्यायालयात मात्र तोच अन्याय पुराव्याच्या एका साध्या प्रश्नावर हरविता येतो : तुम्ही म्हणता ती वहिवाट कधीपासूनची आहे आणि तिला आधार काय? पूर्वापार चालत आले आहे, या एका वाक्यावर गावातील कितीतरी अन्याय उभे असतात. हे वाक्य बोलणाऱ्याकडे कागद मागितला की त्याची अडचण होते.

निकालाची मर्यादाही तितकीच स्पष्ट होती. तो एका गावापुरता आणि एका तळ्यापुरता होता. दुसऱ्या गावी, दुसऱ्या विहिरीवर, अधिक भक्कम पुरावा आणून कोणी तशीच रूढी शाबीत केली असती तर काय झाले असते? म्हणून प्रत्येक पाणवठ्यासाठी दहा-दहा वर्षांचा दावा लढावा लागणार नाही, अशी तरतूद देशाच्या मूलभूत कायद्यातच होणे आवश्यक होते.

दाव्यापासून संविधानापर्यंत

२६ जानेवारी १९५० पासून अंमलात आलेल्या संविधानात ती तरतूद झाली. अनुच्छेद १५ च्या दुसऱ्या खंडात विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते व सार्वजनिक वापराच्या जागा यांचा स्पष्ट उल्लेख आहे. राज्याच्या निधीतून पूर्णतः किंवा अंशतः चालविल्या जाणाऱ्या, अथवा जनतेच्या उपयोगासाठी अर्पण केलेल्या अशा ठिकाणी धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान या कारणांवरून कोणाही नागरिकाला मज्जाव करता येत नाही. देशाच्या संविधानात तलावाचा उल्लेख का यावा, असा प्रश्न विद्यार्थ्याने विचारल्यास शिक्षकाने त्याला महाडची हकीकत सांगावी. अनुच्छेद १७ ने अस्पृश्यता नष्ट केली, तर मूलभूत हक्कांसाठी थेट सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठावण्याचा अधिकार अनुच्छेद ३२ ने दिला.

फौजदारी न्यायालयातील अनुभवाचेही प्रतिबिंब संविधानात पडलेले दिसते. अटक झालेल्या व्यक्तीस अटकेचे कारण कळविले पाहिजे, तिला आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेऊ दिला पाहिजे आणि प्रवासाचा वेळ वगळून चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांपुढे उभे केले पाहिजे, असे अनुच्छेद २२ सांगतो. सप्टेंबर १९४९ मध्ये संविधान सभेत ही तरतूद स्वतः बाबासाहेबांनी मांडली होती.

तथापि वकिलाचा हक्क असणे आणि वकील परवडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ही उणीव भरून काढण्यास आणखी काही दशके लागली. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३९-अ समाविष्ट झाला आणि मोफत कायदेविषयक साहाय्य हे राज्याचे कर्तव्य ठरले. १९७८ मध्ये महाराष्ट्रातून गेलेल्या एका प्रकरणात, शिक्षा झालेल्या कैद्याला निकालपत्राची प्रत विनामूल्य मिळाली पाहिजे आणि अपिलासाठी गरज असल्यास वकीलही मिळाला पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. निर्धन आरोपीने स्वतः मागणी केली नाही, एवढ्या कारणाने त्याला वकील नाकारता येत नाही, हे १९८६ मध्ये स्पष्ट झाले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही शासनाच्या खर्चाने बचावाचा वकील देण्याची तरतूद कायम आहे.

वाद कोठे मिटवावा आणि कोठे मिटवू नये

वकिलाचे तिसरे काम वाद मिटविण्याचे. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम १९८७ मध्ये संमत झाला आणि ९ नोव्हेंबर १९९५ पासून अंमलात आला. त्यान्वये जिल्हा व तालुका पातळीवर विधी सेवेची व्यवस्था झाली आणि लोकअदालतींना कायद्याचे अधिष्ठान मिळाले. लोकअदालतीत झालेल्या तडजोडीला दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याइतकेच बळ असते आणि तिच्याविरुद्ध अपील नसते. दाव्यासाठी भरलेले न्यायालय शुल्कही परत मिळते. चालू दावा मध्यस्थीकडे किंवा लोकअदालतीकडे सोपविण्याचा अधिकार दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८९ ने न्यायालयाला दिला आहे. महाराष्ट्र शासनाने २००७ मध्ये महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू केली व गावातील वाद गावातच सामोपचाराने मिटविण्यास उत्तेजन दिले. बांध, वाटणी, पाण्याची पाळी, उसनवारी असे वाद या मार्गाने मिटले तर दोन्ही पक्षांचा पैसा वाचतो आणि शेजारधर्मही टिकतो.

परंतु येथे महाडच्या दाव्याचे स्मरण ठेवले पाहिजे. तडजोड ही बरोबरीच्या माणसांत होते. एका बाजूला सगळे गाव आणि दुसऱ्या बाजूला वस्तीच्या टोकाला राहणारे चार उंबरे, अशी स्थिती असेल, तर समोर ठेवलेल्या कागदावर केलेली सही संमतीची आहे की भीतीची, हे पंचांनी स्वतःला विचारावयास हवे. १९२७ मध्ये महाडच्या अस्पृश्यांना कोणी सांगितले असते, की चवदार तळे सोडा, तुम्हांला दुसरीकडे एक विहीर खोदून देऊ, तर वरकरणी वाद मिटला असता. मूळ प्रश्न मात्र पाण्याचा नव्हताच. सर्वांचे जे आहे ते आपलेही आहे की नाही, हा तो प्रश्न होता आणि त्याचे उत्तर वेगळी विहीर हे असू शकत नव्हते.

कायद्यानेही ही मर्यादा घालून दिली आहे. जे गुन्हे तडजोडीस पात्र नाहीत, ते लोकअदालतीच्या कक्षेतच येत नाहीत. सार्वजनिक पाणवठ्यावर अस्पृश्यतेच्या कारणावरून अटकाव करणे हा नागरी हक्क संरक्षण अधिनियम, १९५५ खाली शिक्षापात्र गुन्हा आहे. अशा गुन्ह्याच्या तपासात जाणूनबुजून हयगय करणाऱ्या लोकसेवकाने त्या गुन्ह्यास साहाय्य केल्याचे तोच अधिनियम मानतो. म्हणून अशा प्रसंगी गावाची अब्रू राखण्याच्या सबबीखाली तक्रार दाबून टाकणे याला तंटामुक्ती म्हणता येणार नाही.

गावपातळीवरील कर्तव्य

या सर्व इतिहासातून गावपातळीवर काम करणाऱ्यांसाठी काही साध्या गोष्टी निघतात. पहिली गोष्ट कागदाची. चवदार तळ्याचा निकाल मालकी आणि पुरावा यांवर लागला. ग्रामपंचायतीची विहीर, पाझर तलाव, स्मशानभूमी, रस्ता, समाजमंदिर या मालमत्तांच्या नोंदी अचूक ठेवणे, ठरावपुस्तक नीट जतन करणे आणि मागणाऱ्यास नक्कल वेळेवर देणे हे कारकुनी काम वाटते. पण उद्या एखाद्या दुर्बळ माणसाचा हक्क त्याच नोंदीवर उभा राहणार असतो.

दुसरी गोष्ट माहितीची. अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, स्त्रिया, बालके, अपंग आणि कोठडीत असलेल्या व्यक्ती यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळू शकतो. इतर गरजूंना उत्पन्नाच्या मर्यादेत तो मिळतो. अर्ज तालुका विधी सेवा समितीकडे किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे करावयाचा असतो. १५१०० या दूरध्वनी क्रमांकावरही साहाय्य मिळते. एवढी माहिती पंचायतीच्या फलकावर ठळक अक्षरांत लिहिली आणि शाळेत वरच्या वर्गांतील मुलांना समजावून सांगितली, तर ती घरोघरी पोहोचेल. गावातील मुलाला पोलिसांनी नेले असता घाबरून एखाद्या मध्यस्थाच्या हाती पैसे ठेवण्याऐवजी त्याचे आईवडील विधी सेवा समितीच्या कार्यालयाची वाट धरतील.

तिसरी गोष्ट धीराची. महाडचा दावा चालू असताना वादींनी दोनदा अपील केले, पण प्रतिवादी एकदाही डगमगले नाहीत. त्या काळात देशाच्या राजकारणात गोलमेज परिषदा झाल्या, पुणे करार झाला आणि बाबासाहेबांवर कामाचा डोंगर कोसळला. तरीही एका लहानशा गावातील तळ्याचा दावा त्यांनी वाऱ्यावर सोडला नाही. न्यायास विलंब होऊ नये, यासाठी यंत्रणेने झटलेच पाहिजे. परंतु विलंब झाला म्हणून हक्कावर पाणी सोडणे हा त्यावरील उपाय नव्हे.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, ही म्हण बांधाच्या भांडणापुरती खरी मानावयास हरकत नाही. ते भांडण चावडीवर, लोकअदालतीत किंवा वकिलाच्या कचेरीतच मिटावे आणि चांगला वकील अशिलाला तसाच सल्ला देतो. पण माणसाचे माणूसपण नाकारले जात असेल तर ती पायरी चढणे हाच शहाणपणा ठरतो. चवदार तळ्यावर जाणाऱ्या प्रत्येकाने ओंजळीत पाणी घेताना २० मार्च १९२७ बरोबरच १७ मार्च १९३७ या तारखेचेही स्मरण ठेवावे. पहिल्या तारखेला हक्क बजावला गेला आणि दुसऱ्या तारखेला तो न्यायालयात टिकला. या दोन तारखांच्या मधली दहा वर्षे ज्यांनी कागद सांभाळले, साक्षी दिल्या, तारखांना हजेरी लावली आणि मनाई हुकूम निमूटपणे पाळला, त्या अनेक अनाम माणसांचाही या विजयात वाटा आहे.